चिपवाल्या कंपनीचा फोनवाला ग्राहक कोण? गुंतवणूकदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या चिप कंपनीचा शेअर सकाळी उघडतानाच निम्म्यावर येतो. कारखान्याला आग लागलेली नसते, हिशेबात घोटाळा सापडलेला नसतो. ज्या फोनमध्ये तिची चिप जायची, त्या फोनवाल्याने पाठ फिरवलेली असते, एवढंच. भारतातून परदेशी शेअर घेणं सोपं झाल्यापासून मराठी गुंतवणूकदारांच्या गटांतही "अमुक चिप नव्या आयफोनमध्ये जाणार आहे" असे निरोप फिरू लागले आहेत. त्यावरून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहीत आहे. उदाहरणं सगळी घडलेली आहेत. बहुतेक ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतली आहेत, कारण हा खेळ तिथल्या बाजारांत सगळ्यात जास्त रंगला.

ग्राहक कोण आहे याला एवढं महत्त्व का?

लंडनजवळच्या किंग्ज लँगली गावातली इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज घ्या. ही कंपनी स्वतः चिप बनवत नव्हती. फोनच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स भागाचा आराखडा ती तयार करायची आणि त्याचा परवाना विकायची. 'पॉवरव्हीआर' हे त्या आराखड्यांचं नाव. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून ॲपलच्या फोनमध्ये तो होता. फोन विकला गेला की थोडी रॉयल्टी इमॅजिनेशनला मिळायची. एप्रिल २०१६ ला संपलेल्या वर्षात कंपनीचं उत्पन्न १२ कोटी पौंडांच्या आसपास होतं आणि त्यातले ६.०७ कोटी एकट्या ॲपलकडून आले होते.

३ एप्रिल २०१७ ला कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की ॲपल १५ महिने ते २ वर्षांत नव्या उत्पादनांत हे तंत्रज्ञान वापरणं बंद करणार आहे. त्या एका दिवसात शेअर ६० टक्क्यांहून जास्त पडला. आदल्या दिवसापर्यंत २६९ पेन्सच्या आसपास असलेला भाव शंभरीजवळ आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने स्वतःचा ग्राफिक्स भाग असलेला फोन बाजारात आणला.

कंपनीतले अभियंते रातोरात अडाणी झाले नव्हते आणि परवानेही तेच होते. पण निम्मं उत्पन्न एकाच माणसाच्या खिशातून येत असेल, तर त्या माणसाच्या मनात काय चाललंय, याचीच किंमत बाजार लावत बसतो.

मग कंपनी सरळ नाव का सांगत नाही?

कारण करारात तोंड बांधलेलं असतं. हे बंधन किती कडक असतं, ते जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजच्या दिवाळखोरीत उघड झालं. ही चिपची कंपनी नव्हे. फोनच्या पडद्यासाठी नीलमणी काच बनवण्याचा करार तिने २०१३ मध्ये ॲपलशी केला होता. ॲपलने ५७.८ कोटी डॉलर आगाऊ द्यायचे आणि ॲरिझोनातल्या मेसा इथल्या कारखान्यात काच तयार करायची, असं ठरलं. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आला, पण त्याच्या पडद्याला ती काच नव्हती. ६ ऑक्टोबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयात कागद आले तेव्हा समजलं की गुप्तता मोडल्यास दर वेळी ५ कोटी डॉलर भरपाईची अट होती.

इतकी मोठी तलवार डोक्यावर लटकत असताना कोणता अधिकारी पत्रकाराला "हो, आमची चिप त्याच फोनमध्ये आहे" असं सांगेल? म्हणून कंपन्या "आमचा सर्वात मोठा ग्राहक", "एक आघाडीचा स्मार्टफोन उत्पादक" अशी भाषा वापरतात. जानेवारी २०१५ मध्ये क्वालकॉम या अमेरिकी चिप कंपनीने सांगितलं, की एका मोठ्या ग्राहकाच्या येत्या महागड्या फोनमध्ये आमची स्नॅपड्रॅगन ८१० ही चिप नसेल. नाव घेतलं नाही, तरी बाजाराला ते सॅमसंग असल्याचं लगेच कळलं. काही आठवड्यांनी आलेल्या गॅलक्सी एस ६ मध्ये सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस चिप होती.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. कंपनी गप्प बसली म्हणजे बातमी खरी आहे, असं होत नाही. अफवा खरी असो वा खोटी, तिला दोन्ही वेळा गप्पच बसावं लागतं.

अधिकृत कागदांत काही सापडतं का?

सापडतं, आणि निरोपांत फिरणाऱ्या माहितीपेक्षा पुष्कळ जास्त. फक्त वाचायचा कंटाळा करू नका.

हिशेबाच्या नियमांप्रमाणे एका ग्राहकाकडून १० टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल, तर कंपनीला ते सांगावं लागतं. ग्राहकाचं नाव द्यायची सक्ती त्या नियमात नाही. आपल्याकडच्या इंड एएस १०८ या हिशेबाच्या मानकातही हेच आहे, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या अहवालांतही "एका ग्राहकाकडून इतके टक्के" अशी ओळ आढळेल. तरीही काही अमेरिकी कंपन्या नाव देतात. टेक्सासमधल्या ऑस्टिनची सिरस लॉजिक फोनमधल्या आवाजाच्या चिप बनवते. तिच्या वार्षिक अहवालात ॲपलचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं: मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात ८३ टक्के विक्री आणि पुढच्या वर्षी ८७ टक्के.

वाचताना एक बारकावा ध्यानात ठेवा. ही विक्री ॲपलच्या नावाने फाडलेल्या बिलांची नसते. चिप जाते फोन जोडून देणाऱ्या कंत्राटी कारखान्यांकडे किंवा वितरकांकडे, आणि बिलही त्यांच्या नावाने निघतं. म्हणून अहवालात "अनेक कंत्राटी उत्पादकांमार्फत" असे शब्द येतात. केवळ बिलांवरची नावं पाहून ग्राहक ओळखायला गेलात, तर फॉक्सकॉनसारख्या फोन जोडणाऱ्या कंत्राटदारालाच खरा ग्राहक समजून बसाल.

तैवानच्या कंपन्यांबाबत आणखी एक सोय आहे. तिथल्या नोंदणीकृत कंपन्यांना आधीच्या महिन्याचं उत्पन्न पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावं लागतं. मीडियाटेकसारख्या फोनच्या चिप करणाऱ्या कंपनीची चाल बघायला तिमाहीपर्यंत थांबायची गरज पडत नाही.

फोन उघडून पाहिला की चिप कुणाची ते कळतं ना?

बऱ्याचदा कळतं. आयफिक्सइट आणि टेकइनसाइट्ससारख्या संस्था नवा फोन आला की तो खोलतात आणि आतल्या प्रत्येक चिपवरचे आकडे वाचतात. ॲपलसाठी खास बनवलेल्या अनेक चिपांवर पुरवठादाराचं नाव नसतं, ३३८एस अशा अक्षरांनी सुरू होणारा ॲपलचा क्रमांक असतो. मग चिपचं वेष्टण काढून आतला सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. तिथे बहुतेक वेळा बनवणाऱ्याची खूण सापडते.

गोंगाटातून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा काढणाऱ्या ऑडियन्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा भाग आयफोन ४ मध्ये आहे, हे असंच बाहेर आलं. पण तिच्याच पुढच्या गोष्टीत या पद्धतीची मर्यादाही दिसते. आयफोन ४एसमध्ये ऑडियन्सची वेगळी चिप राहिली नाही. तिचं तंत्र परवान्याने ॲपलच्या मुख्य चिपच्या पोटात गेलं. मे २०१२ मध्ये कंपनीने १७ डॉलरने शेअर विक्रीला काढले. चार महिन्यांनी, आयफोन ५ यायच्या तोंडावर, तिने जाहीर केलं की ॲपल पुढच्या फोनमध्ये आपलं तंत्र चालू करेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर ६० टक्क्यांहून अधिक कोसळला.

चिपमध्ये आराखडा होता, पण त्याचं बटण कुणाच्या हातात आहे, हे सूक्ष्मदर्शकाला दिसणार नव्हतं. शिवाय खोललेला फोन सांगतो ते या वर्षीचं. पुढच्या वर्षीच्या फोनच्या चिपची निवड तोपर्यंत बरीच पुढे गेलेली असते. आणि एकाच मॉडेलमध्ये दोन पुरवठादारांचे भाग असू शकतात. तुमच्या हातातला फोन म्हणजे सगळे फोन नव्हेत.

ग्राहक टिकला आहे, तरी शेअर का पडतो?

कारण ग्राहक टिकणं आणि त्या फोनमधला आपला वाटा टिकणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मला वाटतं, नवे गुंतवणूकदार सगळ्यात जास्त इथेच फसतात.

स्कायवर्क्स ही फोनमध्ये रेडिओ लहरी पकडायचे भाग बनवते. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात तिचं सुमारे ६९ टक्के उत्पन्न ॲपलकडून आलं. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं की मोठ्या ग्राहकाच्या येत्या फोनमध्ये आमचे भाग २० ते २५ टक्क्यांनी कमी असतील, कारण त्याने दुसरा पुरवठादारही घेतला आहे. शेअर एका दिवसात जवळजवळ चतुर्थांशाने खाली आला. ॲपल स्कायवर्क्सला सोडून गेलं नव्हतं. "स्कायवर्क्स आयफोनमध्ये आहे" हे वाक्य त्या दिवशीही शंभर टक्के खरं होतं.

साधा हिशेब मांडून पाहा. समजा, दोन डॉलरची एक चिप ५ कोटी फोनमध्ये जाते, म्हणजे १० कोटी डॉलर. कंपनीचं वर्षाचं उत्पन्न ५० कोटी असेल, तर ही चिप मोठी गोष्ट आहे. ५०० कोटी असेल, तर तिच्यावरून रात्र जागवायचं कारण नाही. "चिप आहे की नाही" यापुढे जाऊन किती डॉलरची, किती फोनमध्ये आणि एकट्याची की वाटून घेतलेली, हे तीन आकडे जो सांगत नाही, त्याचा निरोप माझ्या लेखी अपुरा आहे.

ग्राहकानेच चिप बनवायला घेतली तर?

यासाठी डायलॉग सेमिकंडक्टरची गोष्ट सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्यात भीती, नकार, कबुली आणि सुटका सगळं आहे.

डायलॉगची नोंदणी ब्रिटनमध्ये, शेअरची उलाढाल फ्रँकफर्टला. बॅटरीतली वीज फोनच्या प्रत्येक भागाला नीट वाटून देणारी चिप ती बनवायची आणि सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न ॲपलकडून यायचं. ११ एप्रिल २०१७ ला, म्हणजे इमॅजिनेशन कोसळल्यावर आठवड्याभरातच, बँकहाउस लाम्पे या जर्मन बँकेच्या विश्लेषकाने लिहिलं की ॲपल म्युनिक आणि कॅलिफोर्नियात स्वतःची वीज-नियंत्रण चिप तयार करतंय. त्या दिवशी शेअर एका क्षणी एक तृतीयांशाहून जास्त खाली होता, मग बराच सावरला. कंपनीचं म्हणणं होतं की व्यवहार नेहमीसारखाच चालू आहे. त्या क्षणी ते खोटंही नव्हतं, कारण आधी ठरलेल्या चिप जातच होत्या.

नोव्हेंबरअखेर निक्केई या जपानी वृत्तपत्राने तीच बातमी दिली. डिसेंबरच्या सुरुवातीला डायलॉगनेच मान्य केलं की अशी चिप घडवण्याइतकी साधनं आणि क्षमता ॲपलकडे आहे. शेअर पुन्हा आपटला. २०१८ च्या उन्हाळ्यात तो २० युरोच्याही खाली होता. ज्यांनी "ॲपल डायलॉगला सोडूच शकत नाही" असं छातीठोक सांगितलं होतं, ते तोवर गप्प झाले होते.

आणि मग ऑक्टोबर २०१८ मध्ये करार झाला. ॲपलने ३० कोटी डॉलर देऊन डायलॉगच्या काही तंत्रज्ञानाचा परवाना, काही मालमत्ता आणि ३०० हून अधिक अभियंते घेतले. आणखी ३० कोटी पुढच्या तीन वर्षांच्या मालासाठी आगाऊ दिले. शेअर उसळला. डायलॉगने बाकीचे धंदे वाढवले. २०२१ मध्ये जपानच्या रेनेसासने ती प्रत्येक शेअरला ६७.५० युरो मोजून सुमारे ४.९ अब्ज युरोंना विकत घेतली.

अफवा खरी ठरली, तरी शेवट घाबरून शेअर विकणाऱ्यांनी कल्पिला तसा झाला नाही. कंपनीकडे विकण्याजोगं काहीतरी होतं: माणसं, हक्क आणि अनुभव. म्हणून अशा वेळी मी पहिल्यांदा बघतो की ग्राहक निघून गेला, तर त्याला काय काय मागे टाकून जावं लागेल.

विश्लेषकाचं भाकीत किती मानायचं?

त्याने काय पाहून ते लिहिलं, हे समजलं तरच. लाम्पेचा विश्लेषक बरोबर निघाला, पण त्याचा अंदाज पूर्ण उतरायला दीड वर्ष लागलं. उलट बाजूला क्वालकॉम बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द क्वालकॉमनेच सांगितलं की २०२३ च्या आयफोनमध्ये आमच्या मॉडेमचा, म्हणजे फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपचा, वाटा २० टक्क्यांवर येईल असं आम्ही धरून चाललो आहोत. वर्षभरात त्यांना ते बदलावं लागलं, कारण ॲपलचा स्वतःचा मॉडेम तयारच झाला नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये पुरवठ्याचा करार २०२६ च्या फोनपर्यंत लांबला आणि ॲपलचा सी१ मॉडेम अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई मध्ये दिसला. ज्या कंपनीच्या चिपा आत जात होत्या, तिलाही ग्राहकाचं वेळापत्रक नीट सांगता आलं नाही.

फोनच आला नाही तर चिप जाणार कुठे, हाही प्रश्न असतो. सिरस लॉजिकने २०२२ च्या अखेरीस भागधारकांना लिहिलं होतं की एक नवा भाग पुढच्या वर्षी फोनमध्ये यावा म्हणून ग्राहकाबरोबर काम चालू आहे. बाजाराने ते आयफोन १५ प्रोच्या, प्रत्यक्ष आत न दबता स्पर्शाने चालणाऱ्या बटणांशी जोडलं. एप्रिल २०२३ मध्ये मिंग-ची कुओ या विश्लेषकाने ती बटणं रद्द झाल्याचं लिहिलं, शेअर पडला, आणि मे महिन्यात कंपनीनेही तो भाग ठरल्याप्रमाणे येत नसल्याचं कळवलं. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. न आलेल्या बटणाच्या उत्पन्नावर लोकांनी आधीच भाव लावून ठेवले होते.

मार्च तिमाहीत विक्री पडली. ग्राहक गेला का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. मुख्य आयफोन बहुतेक वर्षी सप्टेंबरात आले आहेत, त्यामुळे पुरवठादारांची विक्री सप्टेंबर आणि डिसेंबरच्या तिमाहीत फुगते, मार्च-जूनमध्ये ओसरते. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

ओळखीचा माणूस फोनच्या कारखान्यात आहे. त्याने सांगितलेल्या माहितीवर शेअर घेतला तर?

घेऊ नका. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण तामिळनाडू-कर्नाटकात आयफोन जोडले जाऊ लागल्यापासून हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिलेला नाही. आपली मुलं-मुली तिथे काम करतात.

ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलला भाग पुरवणाऱ्या फ्लेक्स्ट्रॉनिक्स कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं की येत्या आयफोनला दोन कॅमेरे असतील. तो पैसे घेऊन गुंतवणूकदारांना माहिती पुरवत होता आणि अमेरिकेचा तपास विभाग ते संभाषण ऐकत होता. आयफोन ४ दोन कॅमेऱ्यांसह आला, म्हणजे खबर अचूक होती. डिसेंबर २०१० मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला.

भारतातही सेबीचे २०१५ चे नियम नोंदणीकृत कंपनीची अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती देणाऱ्याला आणि ती वापरून व्यवहार करणाऱ्याला, दोघांनाही लागू आहेत. दंड किमान १० लाख रुपये. वर २५ कोटी किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत. तुमच्या पाच-पन्नास हजारांच्या नफ्यासाठी त्या ओळखीच्या माणसाची नोकरी आणि नाव पणाला लावू नका.

भारतीय कंपनीबद्दल अशी बातमी आली, तर तिला उत्तर द्यावं लागतं का?

बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांना, हो. मुख्य प्रवाहातल्या माध्यमांतल्या बातमीमुळे भावात लक्षणीय हालचाल झाली, तर २४ तासांत खुलासा करायचा: खरं, खोटं किंवा स्पष्टीकरण. हा नियम जून २०२४ पासून पहिल्या १०० कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून २५० कंपन्यांना लागू झाला. व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला मात्र कुणी उत्तर देणार नाही. म्हणून बातमी वाचलीत की आधी एक्सचेंजच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या घोषणा उघडा.

भारतात बसून या परदेशी कंपन्यांचे शेअर घेता येतात का?

येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे पाठवलं, तर वरच्या रकमेवर २० टक्के कर आधी कापला जातो आणि तो विवरणपत्रात वळता होतो. परदेशी शेअर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. उसनवारीवर म्हणजे मार्जिनवर खेळायला या योजनेत परवानगी नाही.

शेअर कोसळल्यावर स्वस्तात घ्यावा का?

दोन्ही प्रकारचे शेवट मी वर दिले आहेत. इमॅजिनेशनला कोसळल्यावर पाच महिन्यांनी कॅनियन ब्रिज या गुंतवणूक संस्थेने शेअरला १८२ पेन्स देऊ केले. शंभरीच्या आसपास घेणाऱ्याला चांगला फायदा झाला. २६९ ला घेऊन बसलेल्याचा तोटा मात्र कायमचा झाला. जानेवारी २०२० मध्ये ॲपलने इमॅजिनेशनशी नवा परवाना करार केला, पण तोवर शेअर बाजारात नव्हता, त्यामुळे जुन्या भागधारकांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. ऑडियन्सचं उलट झालं. १७ डॉलरने आलेली ती कंपनी २०१५ मध्ये नोल्स या कंपनीने शेअरला सुमारे ५ डॉलर देऊन घेतली. जीटीच्या सामान्य भागधारकांचा पैसा जवळपास सगळाच बुडाला.

माझा स्वतःचा ताळा असा आहे. तो मोठा ग्राहक शून्य धरायचा, उरलेल्या ग्राहकांवर पगार आणि संशोधनाचा खर्च किती वर्षं निघतो ते पाहायचं, बँकेतली रोकड आणि कर्ज मांडायचं, आणि कंपनीकडे असे काही हक्क आहेत का की ज्यांच्यावाचून गेलेल्या ग्राहकाचंही अडेल, ते तपासायचं. डायलॉगजवळ ते होते. या बेरजेतून निघणारी किंमत पडलेल्या भावापेक्षा जास्त असेल तरच मी विचार करतो, आणि तेव्हाही वर्षभर अडकून पडलं तरी चालेल एवढीच रक्कम घालतो.

आणि शेअर आधीपासूनच माझ्याकडे असेल तर?

आज संध्याकाळी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि सर्वात मोठ्या ग्राहकाच्या टक्क्याचा आकडा शोधा. मागच्या तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहा. टक्का वर्षागणिक चढत असेल, तर त्या ग्राहकाशिवाय हा शेअर तुम्ही आजच्या भावाला घेतला असता का, याचं उत्तर बातमी यायच्या आधीच लिहून ठेवा.